वजन एकेचाळीस किलो

शहापुरातलं माझं डीटीपीचं दुकान
मार्चअखेर बंद केलं.
तीन संगणक, त्यांतले दोन पोट सुटलेल्या पडद्यांचे,
एक यूपीएस, गेली चार वर्षं नुसता ओरडणारा,
आणि वायरींचा गुंता,
ज्याला लेक म्हणायची, "बाबा, हे तुमचं डोकं."

मौलाली भंगारवाला आला,
पायानंच ढकलून अंदाज घेतला.
"साडेचारशे देतो बघा सगळ्याचं.
खरं, पडदा फुटला तर पन्नास कमी."
पुढं काय करतोस याचं?
"मी काय करतोय की. पोरं करत्यात."

पोरं बघायला गेलो.
बळ्ळारी नाल्याच्या काठी दस्तगीर,
वय असेल तेरा,
वायरींची जुडी पेटवून काठीनं हलवत होता,
कुणी शेंगा भाजाव्यात तशी.
प्लास्टिक जातं, तांबं राहतं.
प्लास्टिक कुठं जातं ते विचारलं नाही;
तो खोकत होता.
राख नाल्यात, नाला येळ्ळूरच्या शिवारात,
आणि शिवारात तो बासमती,
जो शिजला की शेजारच्या घराला कळतो.

विसार म्हणून घेतलेले शंभर परत केले.
मौलाली म्हणाला, "मामा, येड लागलंय काय हो?"

सगळ्यांत जड होती ती हार्डडिस्क.
तळहाताएवढी.
तिच्यात वडगावच्या विणकरांच्या दोन पिढ्यांची लग्नं,
पुढं मराठी, मागं कन्नड,
मुहूर्त दोन्हीकडं एकच, गोरज.
उत्तरकार्याची कार्डं,
ज्यांत नाव आणि फोटो तेवढा बदलायचा.
रेशनचे अर्ज, अंगठ्यांचे ठसे,
आणि विजापुरेबाईंनी नवऱ्याला लिहून घेतलेलं एक पत्र.
टाइप झाल्यावर नुसतं बघितलं,
पैसे दिले, कागद न घेता गेल्या.

मी सगळं पुसलं होतं.
लेक म्हणाली, पुसलं म्हणजे फक्त दारावरची पाटी काढली,
माणसं आत तशीच आहेत.
पाटी काढल्यानं काय होतं आणि काय होत नाही
हे बेळगावात राहणाऱ्याला शिकवायला नको.

उद्यमबागेत इराप्पाकडं गेलो.
त्यानं डिस्क पकडीत आवळली.
"ह्यात काय हाय?"
"गाव हाय," म्हटलं.
त्यानं ड्रिल थांबवलं.
हात पँटला पुसले, एकदा कपाळाला लावले,
मग तीन भोकं, आरपार.
आतली तबकडी आरशासारखी निघाली.
तिच्यात आम्हा दोघांची तोंडं,
भोकांसकट.

पुढच्या आठवड्यात गाडी आली, परवानावाल्यांची.
पैसे नाहीत, पोचपावती मिळेल म्हणाले.
फॉर्म कन्नडात. सही मी मराठीत केली.
चिकोडीकडचा पोरगा, मल्लेश, कागद उलटसुलट बघून म्हणाला,
"नडीतैति."
चालतंय, म्हणजे.
हातमोजे घालून त्यानं बॅटरी वेगळ्या पेटीत ठेवली,
उभी, कलंडू न देता,
आजाऱ्याला रिक्षात बसवतात तशी.
पडदे गोणपाटात गुंडाळले. आत शिसं असतंय, म्हणाला,
फुटलं तर आपल्याच पोटात.
वजन एकेचाळीस किलो.
बावीस वर्षं,
आणि एकेचाळीस किलो.

दस्तगीरसाठी काय केलं?
काही नाही. तांब्याचा भाव वाढलाय.
आत्ता तो दुसऱ्या कुणाची तरी जुडी हलवत असेल.
माझ्या वायरी त्याच्या छातीत गेल्या नाहीत,
एवढंच. हे फार नाही, मला माहीत आहे.

पावतीवर लिहिलंय, कीबोर्ड तीन.
कळा कुणी मोजल्या नाहीत.
एक माझ्या पाकिटात आहे,
अर्धा स्टिकर निघालेला ळ.
गावाचं नाव बदललं, फलक बदलले,
दोन्ही लिप्यांत ळ तेवढा आपल्या जागेवर राहिला.

नियमात बसत नाही. प्लास्टिकच ते.
मल्लेश पुढच्या वर्षी परत येणार आहे म्हणे.
तेव्हा देईन.
बघू.